वादळाआधीचा कागद

(श्रीवर्धन तालुक्यातल्या एका युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय आहे 'घरासाठी सरकारी अनुदान आणि आपण'. आधीच सांगतो, मी वकील नाही, महसूल खात्यातलाही नाही. इंजिनिअरिंग केलं आणि बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहितोय. माझं काम काय, तर लोक जे ऑनलाइन फॉर्म भरतात त्यांच्या मागचा कोड लिहिणं. एखादा रकाना रिकामा राहिला की फॉर्म पुढे सरकत नाही, लाल अक्षरांत सूचना येते. ती सूचना माझ्यासारखाच कुणीतरी लिहिलेली असते. दुसऱ्यांचे फॉर्म अडवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरचा फॉर्म कसा अडला, ते आज सांगणार आहे.

३ जून २०२० ही तारीख इथं कुणाला सांगायला नको. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, तळा या भागांत नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइलचे टॉवर बंद होते. त्यात कोरोना. मी पुण्यात होतो, घरी फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी माणगावला जाऊन फोन केला, तेव्हा कळलं की सगळे सुखरूप आहेत, पण जुन्या घराचं छप्पर गेलं आणि मागची भिंत बसली.

हे जुनं घर माझ्या दादांनी, म्हणजे आजोबांनी बांधलेलं. ते जहाजावर खलाशी होते. त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली. माझे अब्बा मधले. दोन्ही चाचा कुवेतला. थोरली फुफी पनवेलला दिली. धाकटी फुफी लवकर विधवा झाली, मुलीला घेऊन माहेरी आली आणि गेली वीस वर्षं त्या घरात तीच राहते. घरपट्टी ती भरते, पावसाआधी कौलं ती चाळून घेते, वाडीला पाणी ती लावते. गावात कुणाला विचारलं, हे घर कुणाचं, तर लोक तिचंच नाव सांगतात.

वादळानंतर सहाव्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. त्यांना दोष देत नाही. एकेका माणसाकडे कितीतरी गावं, रस्ते बंद, खायची आबाळ. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'घर कुणाच्या नावावर?' फुफीने घरपट्टीची पावती दाखवली. पावतीवर नाव दादांचं. दादा १९९४ साली वारले.

इथून पुढचं सगळं त्या एका रकान्यात अडकलं. यादी लागली त्यात नाव मयत माणसाचं. मयत माणसाला बँकेचं खातं नसतं. म्हणून सगळ्या वारसांचं संमतीपत्र हवं, की रक्कम अमुक एकीच्या खात्यात टाकावी. दोन वारस कुवेतला, विमानं बंद. कागद यायला साडेचार महिने लागले. आणि मिळाले किती, तर अंशतः पडझडीचे पंधरा हजार. पंचनाम्याच्या दिवशी पुढच्या तीन भिंती उभ्या होत्या. मधल्या पावसाळ्यात त्याही भिजून खचल्या, पण पंचनामा एकदाच होतो. फुफी तोवर मुलीला घेऊन पनवेलला थोरल्या बहिणीकडे गेली होती. घराला कुलूप लागलं.

मित्रांनो, विस्थापन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुलडोझर येतो, धरण येतं, बंदर येतं. तेही आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला आणि उरणला जिथे नेऊन बसवला, तिथली घरं वाळवीनं पोखरली. ते लोक दशकानुदशकं योग्य पुनर्वसन मागताहेत. १९८४ साली जासईला जमिनीच्या भावासाठी शेतकरी उभे राहिले, गोळीबार झाला, माणसं गेली, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा मार्ग निघाला. हे मोठ्यानं होणारं विस्थापन. पण माझ्या फुफीला कुणी उठवलं नाही. ती एका कागदामुळे, हळूहळू, आवाज न करता गेली. किनाऱ्यावर अशी कुलूप लागलेली घरं मोजा. प्रत्येक घराला कुलूप लागण्याचं कारण नोकरी नसतं.

आता पैशांचं बघू. सरकार घरासाठी पैसे देतच नाही असं आपण म्हणतो. हे खरं नाही. पैसे आहेत, ते अपुरे आहेत आणि ते वेगवेगळ्या दारांतून येतात. ही दारं ओळखा.

पहिलं दार आपत्तीनंतरच्या मदतीचं. प्रत्येक राज्याचा आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रात त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के. कशाला किती द्यायचे याचे दर केंद्र ठरवतं. निसर्गच्या वेळी पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट प्रदेशात ९५,१०० रुपये असा दर होता. राज्य सरकारनं स्वतःची भर घालून तो दीड लाख केला. अंशतः पडझडीला पंधरा हजार केले. भांडी-कपड्यांसाठी कुटुंबाला दहा हजार केले, बागांसाठी हेक्टरी पन्नास हजार, दोन हेक्टरपर्यंत. नंतर २०२२ मध्ये केंद्रानं आपले दर वाढवले, पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. लक्षात घ्या, राज्य सरकार ठरवलं तर केंद्राच्या दरावर भर घालू शकतं. म्हणजे मागायला जागा आहे.

पण याच नियमांत दोन ओळी आहेत, त्या पाठ करा. एक, अंशतः नुकसान किमान १५ टक्के असलं पाहिजे. दोन, पडलेलं घर अधिकृत बांधकाम आहे असं राज्याच्या सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केलं पाहिजे. पहिल्या ओळीचा निकाल पंचनामा करणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि तुमच्या फोटोंवर ठरतो. दुसऱ्या ओळीचा निकाल वादळाच्या कितीतरी वर्षं आधी, तुमच्या कपाटातल्या कागदावर ठरलेला असतो.

दुसरं दार घरकुलाचं. प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, यात ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. घर किमान २५ चौरस मीटर. शौचालयाचे बारा हजार आणि रोजगार हमीतून मजुरीचे दिवस वेगळे. २०२५ मध्ये महाराष्ट्रानं यावर स्वतःचे पन्नास हजार वाढवले. या योजनेत १५ टक्के निधी शक्य तिथे अल्पसंख्याकांसाठी राखून ठेवावा असं मार्गदर्शक सूचनेतच आहे. तुमच्या ग्रामसभेत हे वाक्य कधी उच्चारलं गेलंय का? आपण मशिदीच्या जमातीच्या बैठकीला जातो, ग्रामसभेला जात नाही. यादी ग्रामसभेत वाचली जाते.

ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, आता १ लाखापर्यंत. आणि सरकारी जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहणाऱ्यांची घरं नियमित करण्याचा शासन निर्णय २०१८ चा आहे. त्याला अटी आहेत, प्रत्येक जमिनीला तो लागत नाही, पण तुमच्या वस्तीला लागतो का, हे एकदा तरी विचारा.

तिसरं दार सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. ते म्हणजे घर पडण्याआधीचा पैसा. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले. ८० टक्के प्रतिसादासाठी, म्हणजे पडल्यावर. २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे पडू नये म्हणून. शिवाय राष्ट्रीय पातळीवर धूप रोखण्यासाठी १,५०० कोटी आणि समुद्र किंवा नदीच्या धुपीमुळे हललेल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी, २०२१ ते २०२६ या काळासाठी, वेगळे काढायची शिफारस केली. देशभरात मिळून हे थोडेच आहेत. पण पहिल्यांदा कुणीतरी सरकारी कागदावर मान्य केलं की समुद्र घर खातो आणि त्या माणसाला दुसरं घर द्यावं लागतं.

हा पैसा यादीनं येत नाही, प्रस्तावानं येतो. प्रस्ताव कोण करणार? तुमच्या गावाची खारबंदिस्ती कुठे फुटलीय, भरतीचं पाणी कुठपर्यंत येतं, कुठल्या घरांचा पाया पाण्यात जातो, हे मंत्रालयातल्या माणसाला दिसत नाही. तुम्हाला दिसतं. ग्रामसभेचा ठराव, नकाशा, मागच्या पाच पावसाळ्यांचे फोटो, आणि तो गठ्ठा तहसीलमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही ते काम घालता येतं. मिळेलच याची खात्री नाही. न मागता मिळणार नाही, याची आहे.

उशिरा जागं होण्याची किंमत आपल्या जिल्ह्याइतकी कुणी दिली नसेल. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी नंतर घरं बांधली गेली, पैसा आला, माणसं आली. दरड कोसळण्याआधी हलवायला लागणारा पैसा त्याहून कमीच असता, आणि माणसं जिवंत असती.

आता मी परत त्या रकान्याकडे येतो. 'घर कुणाच्या नावावर?'

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, सातबारा शेतजमिनीचा. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते, म्हणजे घरपट्टीची नोंदवही. ती मालकीचा पुरावा नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. पण पंचनाम्याच्या दिवशी हातात तेवढंच असतं. मालकीचा जवळचा कागद म्हणजे मिळकत पत्रिका. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोननं गावठाणं मोजली जाताहेत, पत्रिका मिळताहेत. मोजणीची माणसं गावात येतात तेव्हा घरात जो हजर असतो त्याचं म्हणणं नोंदलं जातं. आपल्या गावांत घरात हजर कोण असतं? फुफी असते, खाला असते, म्हातारी दादी असते. मालक कुवेत, दम्माम, मुंब्रा नाहीतर पुण्यात.

काहींचं घर दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, जुन्या खोताच्या किंवा जमीनदाराच्या. अशांनी कूळकायदा बघावा. कुळाला, शेतमजुराला, कारागिराला त्याच्या राहत्या घरातून सहज काढता येत नाही, हे त्या १९४८ च्या कायद्याचं कलम १६ सांगतं, आणि घराखालची जागा नावावर होण्याची तरतूद १७-ब मध्ये आहे. हे कायदे आकाशातून पडले नाहीत. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं शेतं पडीक ठेवून संप केला, बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, १९४९ ला खोती कायद्यानं गेली.

आणि इथे थोडं कडू बोलतो. खोतांमध्ये मुसलमानही होते. आजही आपल्यातल्या काही घरांच्या वाडीच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची पाच-दहा घरं आहेत. तीन पिढ्या आपल्याच बागेत काम करणारी माणसं. त्यांना केंद्राच्या जनमन योजनेत २०२३ पासून घरासाठी २ लाख मिळू शकतात. अडतं कुठे? जागेवर. जमीनमालक कागद देत नाही, वाडी गावठाण होत नाही, घर मंजूर होऊन पडून राहतं. तो जमीनमालक कधी कधी आपला चाचा असतो. आपल्यावर अन्याय होतो तेव्हा संविधान आठवणाऱ्यांनी आपल्या बांधावरच्या माणसालाही ते लागू होतं हे विसरू नये.

आता त्याहून कडू. दादांच्या नावाची नोंद १९९४ पासून २०२० पर्यंत का बदलली नाही? सव्वीस वर्षं. वारस नोंदीला मुद्रांक शुल्क लागत नाही. वाडीच्या सातबाऱ्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, ओळखीचे कागद आणि अर्ज. तलाठी फेरफार धरतो, पंधरा दिवसांची नोटीस निघते, हरकत नसली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. आता अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. घराच्या नमुना ८ साठी ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज. तरी का केली नाही? मी अब्बांना विचारलं. ते म्हणाले, 'गरज काय होती? घर आपलंच होतं.'

खरं कारण ते नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. वारस नोंद करायची तर पाच नावं लिहावी लागतात. तीन भावांची आणि दोन बहिणींची. शरियतचा हिशोब इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. दादी नंतर वारल्या, त्यामुळे आता फक्त मुलं. घराचे आठ भाग करा, प्रत्येक भावाला दोन, प्रत्येक बहिणीला एक. हा हिस्सा कुणी मेहेरबानीनं द्यायचा नाही, तो ठरलेला आहे. नमाज-रोज्याबद्दल आपण किती बारकाईनं बोलतो. आणि बहिणीचा आठवा हिस्सा आला की म्हणतो, 'तिला लग्नात सोनं दिलं की', 'ती मागत नाही तर आपण का काढायचं?' म्हणून नोंद होत नाही. म्हणजे बहिणीचं नाव लागू नये म्हणून आपण भावांचंही नाव लावत नाही, आणि घर मेलेल्या माणसाच्या नावावर ठेवतो. मग वादळ येतं आणि सरकार विचारतं, कुणाच्या नावावर? त्यावर आपण म्हणतो, सरकार आपल्याला मदत देत नाही.

सरकार भेदभाव करत नाही असं मी म्हणत नाही. कुठे कसं होतं ते तुम्हीही बघता. ते लढायचंच आहे. पण आपला रकाना आपणच रिकामा ठेवला असेल तर तो लढा आपण पहिल्याच पायरीवर हरतो, आणि समोरच्याला आयतं कारण मिळतं.

गोष्ट अजून संपली नाही. २०२३ मध्ये एक दलाल आला. अटल सेतू होत होता, मांडव्याची रो-रो बोट सुरू झाली होती, अलिबागकडे ज्यांना जागा परवडेना ते खाली दक्षिणेकडे यायला लागले होते. पडकं घर आणि वाडी मिळून त्यानं जो आकडा सांगितला, तो ऐकून कुवेतहून लगेच व्हिडिओ कॉल आला. सगळे तयार. मग घेणाऱ्याच्या वकिलानं कागद तपासले आणि सांगितलं, दोन्ही बहिणींचं हक्कसोडपत्र लागेल.

तेव्हा सगळ्यांना आठवलं की फुफीची सही लागते. मदत घ्यायच्या वेळी जिचं नाव कागदावर नव्हतं, विकायच्या वेळी तिच्या सहीशिवाय गाडी पुढे जाईना. माझ्यावर काम सोपवलं, 'तू शिकलेला आहेस, तुझं ती ऐकते, सही घेऊन ये.' मी पनवेलला गेलो. कागद खिशात होता. तिनं चहा केला. मी विषय काढला. ती म्हणाली, 'वीस वर्षं मी घरपट्टी भरली. एक पावती माझ्या नावाची आण, मग सही मागायला ये.'

मी कागद न दाखवताच परत आलो. परतीच्या बसमध्ये मला पहिल्यांदा कळलं की माझ्या आयुष्यात मी हजारो लोकांचे फॉर्म तपासणारा कोड लिहिला, आणि माझ्या घराच्या एकाही कागदाला हात लावला नव्हता.

पुढे दोन वर्षं घरात भांडणं झाली. ती इथे सांगत नाही. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. ते निमित्त झालं. अब्बांनी पहिला अर्ज केला, पाच नावांनिशी. वाडीच्या सातबाऱ्यावर पाचही नावं लागली. घराच्या नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिलाय. धाकटे चाचा अजून नाराज आहेत. घरावर सध्या पत्रे आहेत, दोन खोल्या राहण्याजोग्या केल्यात. मागच्या रमजानात फुफी तिथे राहायला आली. सगळं ठीक झालं असं नाही. पण कुलूप निघालंय.

दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरं देतो.

पहिला, 'आपण सरकारची मदत कशाला घ्यायची? ती गरिबांसाठी आहे, जकातीसारखी.' आखाती देशांतली कमाई असलेल्या घरांत हे जास्त ऐकू येतं. भाऊ, ही जकात नाही. आपत्ती निधी करांतून येतो, आणि काडेपेटी घेणारा माणूससुद्धा कर भरतो. तुमच्या घरात दोन पगार आहेत म्हणून तुम्ही सोडाल, ठीक आहे. पण घरात राहणारी बहीण, तिच्याकडे पगार नाही. तिच्या वतीनं सोडून द्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि तुमच्या नुकसानीची नोंदच झाली नाही, तर गावाचं नुकसान कागदावर कमी दिसतं. पुढचा बांध, पुढचा निवारा गावाला मंजूर करताना तोच आकडा बघितला जातो.

दुसरा, 'नावं लावली तर घराचे तुकडे होतील.' होत नाहीत. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. घर एकत्रच राहतं, फक्त कुणाकुणाचं आहे हे लिहिलं जातं. तुकडे न लिहिल्यामुळे होतात. तीस वर्षांनी पाचाचे पंचवीस वारस होतात, त्यातले दहा एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि मग दलाल त्यातल्या सगळ्यात गरजू माणसाला गाठतो.

आता काम. इथे साठेक मुलं-मुली आहात. येत्या सुट्टीत प्रत्येकानं आपल्या एका घराचं एवढं करा.

घराचा नमुना ८ काढा आणि त्यावरचं नाव जिवंत माणसाचं आहे का बघा. मिळकत पत्रिका झालीय का, मोजणी झालीय का विचारा. वाडीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत. वारस नोंद बाकी असेल तर अर्ज करा, सगळ्या वारसांच्या नावांनिशी, बहिणींसकट. एकही बहीण गाळू नका. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि आपल्या हिशोबात गुनाहही आहे.

घराचे फोटो काढून ठेवा. चारही बाजूंनी, आतून, छप्पर, तुळया, पाया. धडधाकट घराचे फोटो. वादळानंतर सगळे पडझडीचे फोटो काढतात. १५ टक्के नुकसान झालं हे दाखवायला आधीचं शंभर टक्के घर दाखवावं लागतं. दर वर्षी मे महिन्यात काढा, तारखेसह, आणि एक प्रत घराबाहेर राहणाऱ्या माणसाकडे ठेवा.

घरात जी बाई राहते तिचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का बघा. बाहेरगावी असलेल्या वारसांची संमतीपत्रं आत्ताच करून ठेवता येतील का ते वकिलाला विचारा. विमानं चालू आहेत तोवर.

पंचनाम्याच्या दिवशी गावातल्या दोन शिकलेल्या पोरांनी तलाठी-ग्रामसेवकांबरोबर फिरावं. भांडायला नाही, मदतीला. घर राहून जाऊ नये म्हणून. पंचनाम्याची प्रत मागा. नंतर भिंत खचली तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माझ्या घरी हे कुणी केलं नाही. केलं असतं तर निदान फेरतपासणी मागायला आधार राहिला असता.

आणि छप्पर. निसर्गमध्ये बरेच पत्रे उडाले ते खिळ्यांवर ठोकलेले होते. हुक बोल्टनं तुळईला बांधलेला पत्रा जास्त तग धरतो. एका छपराच्या बोल्टांचा खर्च एका लग्नाच्या मंडपाच्या रोषणाईइतकाही नाही. जमातीच्या निधीतून गावातल्या दहा एकट्या बायकांची छपरं दर वर्षी बांधून द्या. त्यात जात-धर्म बघू नका, वारा बघत नाही.

शेवटचं. हे काम करायला तुम्ही कुणी नेता असायची गरज नाही. मोबाइल हाताळता येतो, फॉर्म वाचता येतो, मराठीत अर्ज लिहिता येतो, एवढं पुरे. आपल्या आधीच्या पिढीनं समुद्रापलीकडे जाऊन घरं बांधली. ती टिकवायची तर आपल्याला तहसील कचेरीपर्यंत जावं लागेल. ते कुवेतपेक्षा जवळ आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसतो. ज्यांना आपला सातबारा बघायचाय त्यांनी गट नंबर घेऊन या, आत्ताच बघू. आणि ज्यांना गट नंबर माहीत नाही त्यांनी घरी फोन लावा. आधी फुफीला लावा, तिला माहीत असतो.